भरतीच्या वेळी सतरावा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आर्डमोरनला गोल्फमधल्या बायकांच्या जोडीच्या चषकासाठी जानेवारीतच नावं द्यावी लागतात. फेमी बुकन आणि तिची सून मॉर्व्हेन यांनी ती दिली, तेव्हा घरात सगळं ठीक होतं. मार्चमध्ये फेमीचा मुलगा स्ट्रुअन समुद्रातल्या तेलविहिरीवरची पाळी संपवून परत आला, तो घरी आलाच नाही. ॲबर्डीनलाच उतरला आणि तिथे एका बाईबरोबर राहायला लागला. सात वर्षांची एली आणि तिची आई इथे, बाप तिकडे.

एप्रिलमध्ये पहिली फेरी होती. नाव मागे घ्यावं तर गावाला चघळायला आणखी एक विषय. म्हणून दोघी खेळल्या आणि जिंकल्या. पुन्हा खेळल्या, पुन्हा जिंकल्या. जुलैच्या पहिल्या शनिवारी त्या अंतिम सामन्याला उभ्या राहिल्या, तोवर चेंडू, वारा आणि काठी या तीन गोष्टी सोडून त्यांनी एकमेकींशी एक शब्दही काढला नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खाटकाच्या दुकानात रांगेत कुणीतरी फेमीला म्हणालं, "स्ट्रुअनने असं कसं केलं गं?" त्यावर फेमी म्हणाली, "टाळी एका हाताने वाजत नाही." दिवेलागणीच्या आत ते वाक्य मॉर्व्हेनच्या दारात पोचलं होतं.

मी फेमीची शेजारीण. त्या दिवशी बघायला आलेल्या दहा-पंधरा जणांत मीही मागे मागे चालत होते. जे मला ऐकू आलं नाही, ते नंतर दोघींनी आपापल्या तोंडाने सांगितलं.

हा जोडीचा खेळ फार वाईट. दोघींत चेंडू एकच. एक फटका एकीचा, पुढचा दुसरीचा. होल म्हणजे टीपासून, सुरुवातीच्या जागेपासून, झेंड्याखालच्या भोकापर्यंतचा टप्पा; त्याच्या सुरुवातीचा फटकाही ठरलेला, विषम होलवर एकीचा आणि सम होलवर दुसरीचा. म्हणजे तुम्ही चेंडू झुडपात घातलात की तो काढायची पाळी जोडीदारणीची. कमी फटक्यांत होल संपवेल त्या जोडीचा तो होल, आणि अठरा होलांत ज्यांचे जास्त त्यांचा चषक. नवरा-बायकोने हा प्रकार खेळू नये, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. सासू-सुनेचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, कारण तसं कुणी करेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

फेमी त्रेसष्ट वर्षांची, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा. तिचा चेंडू फार लांब जात नाही, पण जिथे सांगेल तिथेच पडतो. चेंडू कुठे मारावा यापेक्षा कुठे मारू नये, यावर तिचं सगळं डोकं चालतं. मॉर्व्हेन उंच, खांद्याने मजबूत. तिने मारला की आवाजच वेगळा येतो आणि मागची माणसं आपोआप माना वर करतात.

समोर मन्कर बहिणी होत्या, थोरा आणि ग्रीर. बंदरावर त्यांचं पाहुण्यांना उतरायचं घर आहे. सलग तीन वर्षं चषक त्यांच्याच जेवणघरात होता. थोरा बोलते आणि ग्रीर खेळते, असं गाव म्हणतं. ते थोरावर अन्याय करणारं आहे, कारण थोराही उत्तम खेळते. फक्त तिचं तोंड मध्ये थांबत नाही.

"काय गं फेमी, आज तरी अठराव्याचा ओढा ओलांडणार की काठावरूनच परत?" थोरा पहिल्याच टीवर म्हणाली.

"तू आधी स्मशान चुकव," फेमी म्हणाली.

आमच्या पहिल्या होलला उजवीकडे समुद्र आणि डावीकडे चर्चची दफनभूमी. नवखे समुद्राला घाबरतात, डावीकडे मारतात आणि चेंडू मेलेल्यांत जाऊन पडतो. तो परत मिळत नाही, वर एका फटक्याचा दंडही बसतो. थोराचा त्या दिवशी दफनभूमीच्या भिंतीच्या जेमतेम अलीकडे पडला. फेमीने समुद्राच्या कडेकडेने, आखूड, सरळ मारला. पहिला होल सासू-सुनेचा.

नऊ होलपर्यंत सगळं फेमीच्या मनासारखं चाललं. सहाव्यावर आडव्या उंचवट्यात वाळूचे तीन खोल खड्डे, म्हणजे बंकर आहेत, त्यांना आम्ही तीन पाद्री म्हणतो, कारण त्यांच्या तावडीत सापडलं की लवकर सुटका नाही. फेमीने सुनेला मोठी काठी घेऊ दिली नाही.

"पाद्र्यांच्या अलीकडे टाक."

"मी पलीकडे जाऊ शकते."

"दहातून सात वेळा. उरलेल्या तीन वेळा मला आत उतरावं लागेल."

मॉर्व्हेनने ओठ आवळले आणि अलीकडे टाकला. ग्रीरचा चेंडू मधल्या पाद्र्यात गेला. तो होलही बुकन घराण्याचा. नववा संपला तेव्हा सासू-सून दोन होलांनी पुढे होत्या, आणि एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

दहाव्या टीवर जरा थांबावं लागलं. पुढे कुणाची तरी दोन कुत्री भोकाभोवतीच्या हिरवळीवर पळत होती. मॉर्व्हेन केळं खात होती. थोराने थर्मासातला चहा झाकणात ओतला आणि अगदी सहज, साखर मागावी तशा आवाजात म्हणाली,

"मग डंडीला कधी निघतेस? शाळा सुरू व्हायच्या आधी जाणार असशील ना? माझी भाची सांगत होती, तिच्या वरचा मजला तूच घेतलास म्हणून. चांगलं घर आहे हं. नवी नोकरी तिथल्याच इस्पितळात ना, तेही जवळ पडेल तुला."

मॉर्व्हेनचा घास तोंडातच राहिला. फेमीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. डंडी म्हणजे इथून गाडीने चार तास. आणि एली तिची एकुलती एक नात.

"फेमी, तुम्हाला मी..."

"कुत्री गेली," फेमी म्हणाली. "मार."

मॉर्व्हेनने मारला. बरा गेला. दुसरा फटका फेमीचा. इथे पुढे पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांचा पट्टा आडवा येतो. फेमी आयुष्यभर त्याच्या अलीकडे थांबत आली होती. त्या दिवशी तिने पिशवीतून सगळ्यात लांब काठी काढली. मी मागून बघत होते. चेंडू झुडपांच्या मधोमध गेला. एक पक्षी तेवढा बाहेर आला.

तो होल गेला. अकरावा म्हणजे कड्यावरचा आखूड होल. तिथे एकच नियम, डावीकडे जायचं नाही. फेमीने डावीकडे मारला. चेंडू दगडावर आपटला, उंच उडाला आणि समुद्रात दिसेनासा झाला. दोन होलांची आघाडी दोन होलांत संपली.

"वारा फिरला गं बाई," थोरा म्हणाली. वारा खरंच फिरला होता. सकाळभर जमिनीवरून वाहणारा आता समुद्राला समांतर, अंगात शिरणारा झाला होता. पण थोरा काय बोलत होती ते सगळ्यांना कळलं.

बारावा आणि तेरावा मॉर्व्हेनने जवळजवळ एकटीने सावरले. दोन्ही बरोबरीत सुटले. चौदाव्याला तिने टीवरून असा मारला की बघणाऱ्यांतून टाळी आली. फेमीने त्या सुंदर फटक्यानंतरचा फटका उजवीकडे वाळूच्या टेकड्यांत फेकला, जिथे गुडघाभर धारदार गवत आहे.

चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. चौघीही गवतात शिरल्या. प्रतिस्पर्ध्यांनी शोधायला मदत करायची हा इथला रिवाज आहे, आणि मन्कर बहिणी रिवाज मोडत नाहीत. आम्ही बघे खाली थांबलो. टेकडीच्या दोन बाजूंना वाकलेल्या चार पाठी तेवढ्या दिसत होत्या.

त्या गवतात, चार महिन्यांनी, सासू-सून बोलल्या. कुजबुजत, खाली बघत, पायाने गवत बाजूला करत.

"तुम्ही माझ्यावरचा राग चेंडूवर काढताय," मॉर्व्हेन म्हणाली.

"थोरा मन्करच्या तोंडून कळावं मला? तिच्या?"

"एलीला आधी सांगायचं होतं. मग तुम्हाला. उद्या येणार होते मी."

"उद्या! घर घेऊन झालं, नोकरी धरून झाली. नात माझी, आणि गावाला माझ्याआधी कळतं?"

"गाव? याच गावात ना, खाटकाच्या दुकानात तुम्ही माझी टाळी वाजवलीत?"

फेमी थांबली. गवताचं एक पातं तिच्या बोटावर ओढलं गेलं होतं, त्यातून रक्त येत होतं. ते तिने बघितलं नाही.

"म्हणाले मी तसं."

"मला माहीत आहे म्हणालात ते. अख्ख्या गावाला माहीत आहे. मी रोज सकाळी पोरीला शाळेत सोडायला जाते ना, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक बाईच्या तोंडावर तेच वाक्य दिसतं मला. तुमच्या मुलाने मला सोडलं ते सोसलं. तुम्ही सोडलंत ते नाही सोसवत. म्हणून चाललेय. डंडीला मला कुणी ओळखत नाही."

फेमीने काठी गवतावर टेकवली. मग ती म्हणाली, "मला लाज वाटत होती गं. पोटचा पोरगा असा निघाला, हे चारचौघांत कसं म्हणू? म्हणून अर्धं तुझ्यावर टाकलं."

"अर्धं."

"तेही टाकायला नको होतं."

तेवढ्यात दोन हातांवरून ग्रीर मन्करचा आवाज आला. ग्रीर तिथे किती वेळ होती, देव जाणे. ती कधी बोलत नसल्यामुळे ती कुठे आहे हे कुणाच्या लक्षात येतच नाही.

"हा बघा तुमचा चेंडू," ती म्हणाली आणि मागे सरकली.

चेंडू सापडून उपयोग झाला नाही. गवतातून काढायलाच दोन फटके गेले. चौदावा गेला. आता बुकन एकने मागे.

पण पंधराव्याच्या टीवर फेमीने पिशवी खाली ठेवली, बोटाला रुमाल गुंडाळला, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पूर्वीसारखी आखूड काठी काढली. मॉर्व्हेनने पाण्याची बाटली पुढे केली. फेमीने ती घेतली. पंधरावा आणि सोळावा बरोबरीत सुटले, आणि ते सोपं नव्हतं. सोळाव्याला फेमीला हातभर अंतराचा शेवटचा पट, म्हणजे हिरवळीवरून भोकात ढकलायचा फटका, घालावा लागला.

दोन होल उरले, एकने मागे. सतरावा हरला की सामना संपला.

सतराव्याला आम्ही ओहोटी म्हणतो. टी एका उंचवट्यावर आहे, हिरवळ समोरच दिसते, पण मध्ये एक छोटी खाडी शिरली आहे. खेळायची वाट डाव्या हाताने, उंच कण्यावरून, म्हणजे टेकाडाच्या माथ्यावरून, खाडीला वळसा घालत जाते. सगळे तिकडूनच जातात. ते सुरक्षित आहे, पण त्यात एक खोट आहे. हिरवळ समुद्राकडे उतरती आहे. कण्यावरून मारलेला चेंडू उतारावर पडतो आणि थांबता थांबत नाही. खालून, किनाऱ्यावरून मारला तर तीच हिरवळ समोरून चढती येते आणि चेंडूला झेलते. किनारा आमच्याकडे मैदानातच धरला जातो. ओहोटीला ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. भरतीला तिथे समुद्र असतो.

आणि आता भरती चढत होती.

शेवटचा होल मन्करांनी जिंकलेला, म्हणून आधी मारायचा मान त्यांचा आणि पाळी थोराची. तिने नेहमीप्रमाणे डावीकडे, कण्याच्या मधोमध टाकला. "घ्या," ती म्हणाली.

मॉर्व्हेनने फेमीकडे बघितलं. "डावीकडे ना?"

फेमी पाण्याकडे बघत होती. लाट यायची, फेसाची रेघ सोडायची आणि परत जायची. कड्याच्या पायथ्याशी वाळूची एक पट्टी अजून उघडी होती.

"डावीकडे गेलो तर त्यांच्याइतकंच होईल. बरोबरी झाली तरी आपण मागेच राहतो."

"मग?"

"वाळू."

"फेमी, पाणी वर येतंय."

"येतंय. पण अजून पट्टी आहे. लगेच मारता आला तर कोरडा मिळेल."

"मारायचा मला आहे तिथून."

"म्हणून तर विचारतेय तुला."

मॉर्व्हेनने मान वळवली. इतक्या फेऱ्यांत फेमीने तिला सांगितलं होतं, अडवलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं.

"चेंडू वाळूवर असेल तर पोचवीन," ती म्हणाली. "पाण्यात असेल तर माहीत नाही."

"बरं."

फेमीने मारला. मागच्या माणसांतून एक "अरे!" निघाला, कारण त्यांना वाटलं म्हातारीचा परत तोल गेला. चेंडू टीवरून खाली, खाडीच्या तोंडावर, पट्टीच्या मधोमध पडला, दोनदा उसळला आणि काळ्या वाळूवर पांढरा दिसत उभा राहिला.

थोरा पहिल्यांदाच गप्प झाली होती.

मॉर्व्हेन धावत पायवाटेने किनाऱ्यावर उतरली. फेमी तिच्या मागे, घसरत, कड्याला हात लावत. चेंडू छान उभा होता. पण होलपासून जो लांब असेल त्याने आधी मारायचं असतं, आणि लांबचा चेंडू वर कण्यावर मन्करांचा होता. फटका ग्रीरचा.

आम्ही वर होतो, त्यामुळे दोन्हीकडचं दिसत होतं. ग्रीरने काठी काढली. थोरा तिच्या बाजूला आली.

"थांब जरा. आठ नंबरची काठी नको, नऊ घे."

ग्रीरने नऊ घेतली.

"वारा बघ. परत बघ. गवत टाकून बघ."

ग्रीरने चिमूटभर गवत उडवलं.

"नको, आठच घे. पण अर्धाच फटका. थांब, मी पुढे जाऊन अंतर बघून येते."

आणि थोरा चालत निघाली. सावकाश. हिरवळीच्या निम्म्या वाटेपर्यंत गेली, उभी राहिली, झेंड्याकडे बघितलं, परत फिरली. ती खालच्या पाण्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि त्यामुळेच ती वेळ काढतेय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

खाली मॉर्व्हेन चेंडूपासून एका पावलावर काठी हातात घेऊन उभी होती. एक लाट तिच्या बुटांपासून चार हातांवर येऊन गेली. पुढची तीन हातांवर. मग एक मागेच राहिली आणि आम्ही श्वास सोडला. त्यानंतरची तिच्या टाचांना लागली.

"मारा ना वर!" आमच्यातला कुणीतरी ओरडला. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, खेळ चालू असताना ओरडायचं नसतं. फेमी कड्याला टेकून उभी होती. चेहरा राखेसारखा. तिला वाटत होतं (हे तिनेच मला सांगितलं), मी परत तिला पाण्यात उभी केली आणि मी कोरडी उभी आहे. मग ती तशीच पुढे गेली आणि सुनेच्या शेजारी, घोट्याभर पाण्यात, जाऊन उभी राहिली.

"तुमचे बूट," मॉर्व्हेन म्हणाली.

"जाऊ देत."

वर थोरा परत येऊन पोचली होती. "ऐक, मला वाटतं आपण डाव्या कडेने..."

"गप बस गं थोरा," ग्रीर म्हणाली.

मोठ्याने नाही म्हणाली. पण वारा आमच्याकडेच येत होता. ग्रीरने हातात होती तीच काठी धरली, एकदा बघितलं आणि मारला.

चेंडू चांगला गेला. हिरवळीवर पडला, उतार मिळाला, मागून वारा मिळाला. घरंगळत घरंगळत झेंड्याच्या बाजूने गेला आणि खालच्या कडेवरून दगडांत उतरला. ग्रीरने काठी पिशवीत ठेवली. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

आता मॉर्व्हेन. लाट नुकतीच मागे जात होती. चेंडूभोवती फेसाचं कडं होतं, पण चेंडू हलला नव्हता. पुढची लाट उभी राहताना दिसत होती, मागच्या सगळ्यांपेक्षा मोठी.

"सावकाश," फेमी म्हणाली. "वेळ आहे."

वेळ नव्हता. दोघींनाही माहीत होतं. पण मॉर्व्हेनने घाई केली नाही. पाय रोवले, वाळू पायाखालून सरकत होती, पुन्हा रोवले. काठी मागे गेली तेव्हा लाट फुटली होती. आवाज आला, तो तिचा नेहमीचा आवाज, आणि लगेच दोघी कमरेपर्यंत पाण्याच्या तुषारांत दिसेनाशा झाल्या.

आम्ही हिरवळीकडे बघत होतो. चेंडू उंचावरून आला, चढावर पडला, एकदा उसळला आणि थांबला. झेंड्यापासून फार तर दहा पावलं.

खालून फेमी ओरडली, "गेला का? अहो, कुणीतरी सांगा, गेला का?" चष्म्यावर पाणी, तिला काही दिसत नव्हतं.

"वर आहे!" आम्ही सगळेच ओरडलो. आता नियम कुणाच्या लक्षात नव्हता.

थोराने दगडांतून काढला तो पलीकडे गेला. तो होल बुकनांचा. सतरा होल झाले आणि सामना बरोबरीत.

अठरावा सरळ आहे. फक्त हिरवळीच्या पुढ्यात आडवा ओढा वाहतो. टीवरून मॉर्व्हेनने लांब मारला, ग्रीरने मधोमध. ग्रीरचा मागे, त्यामुळे दुसरा फटका थोराचा आधी. बहिणीने चारचौघांत गप्प बसवल्यापासून थोरा लाल झाली होती. तिने ओढ्याकडे बघितलं, ग्रीरकडे बघितलं नाही, आणि मोठी काठी घेतली. चेंडू पलीकडच्या काठाला लागला आणि मागे पाण्यात आला.

आता फेमी. मॉर्व्हेनच्या फटक्यामुळे ओढा तिच्याही टप्प्यात होता, जेमतेम. भिजलेल्या मोज्यांत तिचे पाय फचफच वाजत होते. तिने लांब काठीला हात लावला. मग सुनेकडे बघितलं.

"अलीकडे?" तिने विचारलं.

"अलीकडे," मॉर्व्हेन म्हणाली. "तुमच्यासारखा."

तिने ओढ्याच्या अलीकडे, सपाटीवर टाकला. बघ्यांना मजा आली नाही. मॉर्व्हेनने तिथून हिरवळीवर चढवला. मन्करांना पाण्यात गेल्याबद्दल दंडाचा एक फटका बसला, तरी ग्रीरने चेंडू फार सुंदर वर आणला, आणि थोराला बरोबरीसाठी लांबचा एक पट उरला. तो पट मी अजून विसरलेले नाही. चेंडू सरळ निघाला, भोकाच्या ओठावर गेला, अर्धा आत वाकला आणि बाहेर बसला. थोराने हाताने तोंड झाकलं.

बुकनांकडे दोन फटके शिल्लक होते. पहिला फेमीने भोकापासून वीतभर अंतरावर नेऊन ठेवला. थोरा पुढे आली, वाकली, चेंडू उचलून फेमीच्या हातात दिला. "घे बाई. उगाच घालायला लावत नाही," ती म्हणाली. मग मॉर्व्हेनकडे वळून म्हणाली, "तुझ्या घराचं मी बोलायला नको होतं. ते मी खेळासाठी बोलले." मॉर्व्हेनने तिचा हात हातात घेतला.

क्लबात सूप आणि गरम सॉसेज रोल होते. दोघी कुणाच्या तरी उसन्या विजारी घालून, ओले केस पुसत बसल्या होत्या. चषकावर नावं कोरायची जबाबदारी क्लबाच्या सचिवांची, मिस्टर टेट यांची. ते चिठ्ठी आणि पेन घेऊन आले.

"मिसेस युफेमिया बुकन, हे ठीक. आणि मॉर्व्हेन, तुझं? मिसेस मॉर्व्हेन बुकनच ना?"

मॉर्व्हेनने सुपाचा वाडगा खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "मॉर्व्हेन लेझ्ली लिहा. माझं माहेरचं."

मिस्टर टेट यांनी फेमीकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. फेमीचा चेहरा क्षणभर असा झाला की मी नजर वळवली. मग ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? फटका तिने मारला. तिचं नाव ती सांगेल तेच कोरा. आणि स्पेलिंग नीट घाला, मागच्या वेळी ग्रीरचं चुकवलंत."

बाहेर गाड्यांपाशी दोघी बराच वेळ उभ्या होत्या.

"कधी निघतेस?" फेमीने विचारलं.

"ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात."

"सामान?"

"भाड्याची गाडी सांगितलीय."

"ती रद्द कर. डगलची व्हॅन आहे." डगल म्हणजे फेमीचा नवरा. "मी येते भांडी बांधायला. तू फेकतेस कागदात नुसती गुंडाळून." मग जरा थांबून, "येऊ ना?"

मॉर्व्हेनने खाडीकडे बघितलं. तिथे आता वाळू अजिबात नव्हती, नुसतं पाणी.

"या," ती म्हणाली. "पण फेमी, मी जाणार आहे. भांडी बांधता बांधता मला थांबवायचं नाही."

"नाही थांबवणार."

पुढच्या आठवड्यात फेमी खाटकाच्या दुकानात गेली. रांग होती. तिची पाळी आली तेव्हा तिने मटण मागितलं, आणि मग मागे वळून, कुणी विचारलं नसताना, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या पोरीचा काही दोष नव्हता. माझ्या मुलाचा होता. मी मागे जे बोलले ते खोटं बोलले." मग तिने पिशवी उचलली आणि निघून गेली. मी रांगेत होते.

ऑगस्टमध्ये व्हॅन भरली. डगल चालवायला, मधे एली, खिडकीशी मांडीवर दिव्याची काचेची हंडी धरून फेमी. मॉर्व्हेन मागून तिच्या गाडीत. आता फेमी महिन्यातून दोनदा शुक्रवारी डंडीला जाते आणि रविवारी परत येते. स्ट्रुअनलाही तिने फोनवर काहीतरी सुनावलं असावं, कारण तोही हल्ली पोरीला भेटायला जातो, नियमाने नाही, पण जातो.

यंदा जानेवारीत नावं द्यायची वेळ आली तेव्हा मिस्टर टेट यांनी फेमीला विचारलं, जोडीदारीण कोण. ती म्हणाली, मॉर्व्हेनला विचारून सांगते. अजून तिने सांगितलेलं नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.